कासवाची घरं

चित्रकार : हे नको. बाद.

दंतवैद्य : अरे, तिसरं पान तरी उलट. गेल्या वर्षीचं सर्वोत्तम चित्रपुस्तक म्हणून पदक मिळालंय त्याला.

चित्रकार : म्हणूनच म्हणतोय. मुलगी रुसते, वारा सुटतो, मुलगी हसते. चोवीस पानं! परीक्षकांना डुलकी लागली असणार. जाग आली तेव्हा हात वर होता.

दंतवैद्य : माझ्या दवाखान्यात पाच-पाच वर्षांची पोरं खुर्ची बघूनच भोकाड पसरतात. बाहेरच्या फळीवर पाच पुस्तकं मावतात. नवरा चित्रकार, म्हणून त्याला या बक्षीस मिळालेल्या पुस्तकांतून निवडायला बसवलं. दोन तासांत निवडलीस किती? एक!

चित्रकार : तेही बिनशब्दांचं. लेखकानं तोंड उघडलं नाही, म्हणून वाचला.

दंतवैद्य : हे मगरीचं?

चित्रकार : एकेक दात बघ, काय देखणा रंगवलाय!

दंतवैद्य : दाढ दुखतेय म्हणून आलेल्या पोरापुढे मगर ठेवू? उद्यापासून दवाखान्याला कुलूपच.

चित्रकार : मग हे घे, आजोबांचा ढग होतो ते. आईबाप डोळे पुसतील आणि पोरं विचारतील, पाऊस म्हणजे आजोबांची शू का?

दंतवैद्य : हे घेतेच. तो प्रश्न मला ऐकायचाय. आणि हे घाणेरड्या मोज्यांचं?

चित्रकार : घे. चक्क मजा येते वाचताना. पुरस्कार कसा मिळाला देव जाणे.

दंतवैद्य : हे बसमधल्या शेळीचंही घेते, म्हणजे चार झाली. राहिलं ते पाचवं.

चित्रकार : कुठलं?

दंतवैद्य : ज्यावर तू मघापासून चहाचा कप ठेवलायस.

चित्रकार : ते टाकाऊ आहे.

दंतवैद्य : भावजींचं आहे. यंदाचं पहिलं बक्षीस.

चित्रकार : माझा सख्खा धाकटा भाऊ आहे म्हणून काय झालं? रंग फिके, गोष्टीचं नुसतं लांबण आणि शेवट गुळमट.

दंतवैद्य : शेवट गुळमट?

चित्रकार : अगदी पाकात बुडवलेला.

दंतवैद्य : मग ही शेवटची पानं अजून एकमेकांना चिकटलेली कशी? छापखान्यात कापायची राहिलीत. रोग्याचं तोंड न उघडताच कीड सांगतोयस की!

चित्रकार : मी काय म्हणून वाचू? गोष्ट माझी आहे! आई कामावरून येईपर्यंत मीच सांगायचो त्याला. कवच हरवलेलं कासव. तो रडायला लागला की मी कासवाला नवं घर द्यायचो. किटली, बूट, बाबांची टोपी... दहा वर्षांचा होतो मी. आणि पदक कुणाला? दोन महिने झाले, फोन उचलत नाहीये त्याचा. उचलणारही नाही.

दंतवैद्य : गोष्ट संपायची कशी?

चित्रकार : संपवलीच नाही कधी. संपली असती तर तो झोपून गेला असता आणि घरात मी एकटाच जागा. मलाही भीती वाटायची गं.

दंतवैद्य : हे भावजींना माहीत आहे?

चित्रकार : कुणालाच नाही. आत्ता तुला कळलं.

दंतवैद्य : ही घे पट्टी. काप ती पानं.

(कागद फाटल्याचा आवाज. मग पानं उलटल्याचा.)

चित्रकार : बघ! चोर ठरवलंय मला. हरवलेलं कवच कासवाच्या मोठ्या भावाच्या पाठीवर. एक नाही, दोन-दोन!

दंतवैद्य : खालची ओळ वाच.

चित्रकार : ‘धाकट्याला कवच पेलत नव्हतं, म्हणून मोठा दोन्ही घेऊन चालत होता. भीती त्यालाही वाटत होती. म्हणून तो गोष्ट सांगत होता.’

दंतवैद्य : म्हणजे माहीत होतं त्यांना.

चित्रकार : ...मागचा पाय चुकलाय.

दंतवैद्य : काय?

चित्रकार : पाय! एवढं ओझं पाठीवर असताना पाय असा ताठ राहतो होय? कुणीतरी सांगायला हवं त्याला.

दंतवैद्य : सांग की मग. हा घे फोन, लावलाय मी.

चित्रकार : हॅलो. अरे, कासवाचा पाय असा काढतात का? ...हो, मीच बोलतोय. ...वाचलं. आत्ताच. ...अरे, रडतोस काय गाढवा, एवढं पदक मिळवून? ...बरं, बरं, ऐक. मग एकदा ते कासव दातांच्या दवाखान्यात गेलं आणि खुर्चीखाली राहायला लागलं...