न उडणारा भागीदार

नेब्रास्कातल्या त्या छोट्या विमानतळाच्या कॅफेत कर्टिस अर्धा तास आधीच येऊन बसला होता. ड्वेन आणि लायल यांच्या विमानातला तिसरा हिस्सा त्याला हवा होता. ते दोघं पाठीमागच्याच टेबलावर होते, पण त्याला चेहऱ्यानं ओळखत नव्हते.

"मर्ल आपला हिस्सा सोडून टेक्सासला गेला. सुटलो बुवा!"

"अकरा वर्षांत एकाही शनिवारी विमान मिळू दिलं नाही लेकानं."

"वर सीट पुढं ओढून ठेवायचा. माझे गुडघे बघ, लायल!"

"आता भागीदार घ्यायचा तो नुसता पैसे भरणारा, न उडणारा."

"असा येडा मिळणार कुठं?"

शनिवारी कुठं कुठं उडत जायचं, याची यादी कर्टिसच्या खिशात होती. ती त्यानं आणखी खोल सारली आणि तो उठला.

"मी कर्टिस. हिश्श्यासाठी फोन केला होता."

"बसा, बसा! उडणार किती?"

"छे हो, वर गेलं की मला गरगरतं. मी आपला विमान धुईन, पुसीन."

"ड्वेन, पेन काढ!"

कॉफी ओतायला आलेली कॅफेतली वेट्रेस जोलीन तिथंच थांबली.

"मर्लनंही याच खुर्चीत बसून अगदी हेच सांगितलं होतं की रे तुम्हाला."