युरियातले स्फटिक नि भरताची वांगी

विषारी नाही, एवढंच म्हणालो होतो मी! त्यात भरीत भाजा, असं म्हणालो होतो का? सांगा ना, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, धुळ्याच्या एका कॉलेजात पीएचडी करतोय मी. काय बनवतो? धातू नि सेंद्रिय रेणूंची जाळी, इतकी बारीक की तिच्या पोकळ्यांत गॅस कोंडता येतो! लोक ती विषारी द्रावकांत करतात, मी कशात? कोंबडीखाद्यातलं कोलीन क्लोराईड आणि आमच्या सावद्याला केळीला टाकतात तो युरिया... दोन्ही कोरडे, पण एकत्र गरम करा, थेंबभर पाणी न घालता पातळ! सेमिनारमध्ये छाती फुगवून सांगितलं, विषारी नाही. तिथंच माशी शिंकली!

आमचे गाईड रुपचंद सर. 'चंदन, गावाहून येताना भरताची वांगी आण रे, विभागाची पार्टी आहे.' आणली! एसटीत पिशवी मांडीवर घेऊन आणली! गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर भाजायची, तर काड्या निघाल्या ओल्या. मला पिटाळलं कोथिंबीर आणायला, आणि मागे सरांना आठवला माझा ओव्हन! अहो, त्यात बंद डब्यांत माझ्या त्या जाळीचे स्फटिक वाढत होते, मंद आचेवर, कित्येक दिवस! त्यांच्यावाचून माझा प्रबंध अडलाय! तर यांनी डब्यांशेजारी वांगी कोंबली नि आच केली दुप्पट. खानदेशात जन्मून भरीत ओव्हनमध्ये? लाज?

मी येतो तर काय, नाकातोंडात अमोनिया! डब्यांतला युरिया करपून झाकणांतून वाफ सुटली होती, दुसरं काय! शिपाई तोतारामभाऊ नाक धरून ओरडताहेत, 'सर, वांगास्ले मुतारीना वास येस!' निवल्यावर डबा उघडला... स्फटिक कुठले, काळंकुट्ट कीट!

'सर, माझे स्फटिक!'

'अरे, पुन्हा बनव. आणि घाबरतोस काय? विषारी नाही ना? तूच म्हणाला होतास!'

हो, म्हणालो होतो! पण विषारी नाही, एवढंच म्हणालो होतो मी!

वर त्याच वांग्यांचं भरीत केलं! सगळे ताटं घेऊन बसले, हात कोणी लावेना. सर म्हणतात, 'चंदन, संशोधन तुझं, पहिला घास तुझा.' असा संताप आला, म्हटलं, आज बोलायचंच, होईल ते होईल! पण प्रबंधावर सही कुणाची? यांचीच ना! घास घेतला. गिळला. सरांच्या डोळ्याला डोळा भिडवला, सगळा राग एकवटला आणि म्हणालो...

'सर, मीठ जरा कमी आहे.'