दुर्बिणीतली वाफ

...नाही हो दादा, ती मोठी नकोच. ती परत पेटीत ठेवा. दिसायला राजबिंडी आहे, कबूल, आणि साठपट मोठं दाखवते म्हणता तर दाखवतही असेल — पण मोठं काय दाखवते ते बघा ना. या, माझ्या स्टुलावर बसा, डोळा लावा. तीनशे मीटरवरचा तो निशाणाचा कागद — दिसला? नाचतोय की नाही, पाण्यात पडल्यासारखा? अकरा वाजले की जमीन तापते आणि हवा अशी उकळायला लागते, आणि तुमची ही राणी कागदाबरोबर ती उकळीही साठपट करून दाखवते. मग गोळीचं भोक कुठलं आणि हवेची सुरकुती कुठली, ओळखा पाहू. सकाळी सातला ठीक आहे, पण नेमबाज काय सातलाच येतात? मला विचाराल तर पंचवीसपट, तीसपट, बास. थोडं लहान दिसेना का, पण एका जागी दिसावं. — बघा, कशी बोलतेय मी. सातवी पास बाई, आणि रुबाब असा की जशा काही दुर्बिणी माझ्याच कारखान्यात तयार होतात.

खरं म्हणजे मी इथे झाडायला आले होते. झाडायला आणि गोळी उडाल्यावर रिकाम्या पुंगळ्या पडतात ना, त्या बादलीत भरायला. मोठे सर, म्हणजे आमचे शिकवणारे, दुर्बिणीपाशी बसून पोरांना सांगायचे, ही डावीकडे गेली, ही वर गेली. ते चहाला उठले की मी हळूच डोळा लावायचे. चोरून. एक दिवस सर म्हणाले, गोळी बाहेर गेली, आणि माझं तोंड कुठे गप्प बसतंय — हातात झाडू आणि म्हणते, नाही सर, आत आहे, मधल्या काळ्या गोलात, खालच्या कडेला. कागद आणून बघितला तर होती तिथेच. काळ्यावर भोक दिसत नाही ना पटकन, पांढऱ्यावर दिसतं. काळ्यात ते शोधावं लागतं, डाळीतला खडा शोधतो तसं. ते मला येतं. एवढंच येतं. तेव्हापासून झाडू गेला, हे स्टूल आलं, आणि स्टुलाबरोबर भिंतीपलीकडच्या इमारतीत एक खोली राहायला मिळाली. नेमबाज गोळी मारतो, मी सांगते — डावीकडे दोन बोटं, खाली एक बोट — तो बंदुकीवरचा नेम हलवायचा खटका तेवढा फिरवतो आणि पुढची मारतो. माझ्या शब्दावर फिरवतो. मोठमोठी माणसं, दादा, डॉक्टर, वकील. घरी सासूबाई माझ्या शब्दावर गॅससुद्धा बंद करत नाहीत.

ही दुसरी, सरळ समोरून डोळा लावायची? हिच्यात सापडतं पटकन, पण दिवसभर मान अशी ताणून बसायची म्हणजे — आठ महिन्यांची मुलगी आहे मला, पाजून पाजून मान आधीच गेलीय. त्यापेक्षा ही तिसरी. वरून वाकून बघायची. हिच्यातून जागाही पुष्कळ दिसते, आजूबाजूची धूळ उडालेली दिसते, गोळी बाहेर गेली तरी कुठे गेली ते कळतं. आणि हिचा स्टँड किती हलका फिरतो बघा, एका बोटावर. इकडून तिकडे पटकन वळवली, पटकन परत आणली —

काय? कागद कुठे पळून जाणार, म्हणता?

नाही, पळून नाही जात. बरोबर आहे. तो तिथेच असतो. मी आपलं सहज म्हटलं — दुर्बीण वळली तर बरं असतं. कधी काही बघायचं असलं तर. पक्षी वगैरे.

ते राहू द्या, तुम्ही आधी आमच्या जुन्या दुर्बिणीचं काय ते सांगा. तेच तर मुख्य काम आहे तुमचं, तपासून कागदावर लिहून द्यायचं, आणि खराब असेल तर यातली एक ठेवून जायची. तिला आत वाफ धरते. धुरकट होते. आत्ता नाही दिसणार तुम्हाला, ती तिच्या मर्जीने — हो, उन्हात धरलीत, पुसलीत, बघते आहे मी, मघापासून तुम्ही तिच्याकडे असं बघताय जसं काही आजारी नसलेल्या माणसाला कोणी दवाखान्यात आणलंय. काच स्वच्छ आहे. हो. रबर जुनं झालंय पण फाटलेलं नाही. हो. म्हणजे आत काही — काहीच नाही? बुरशी, ओल, एखादा ठिपका? पडली होती असं म्हटलं तर चालेल? माझ्या हातून पुष्कळ वस्तू पडतात, कोणालाही विचारा.

तुम्ही हसताय. हसा. मग अजून हसा — आज सकाळी मी तिला चहाच्या किटलीवर धरली होती. दहा मिनिटं. तोटीसमोर, अशी, लहान मुलाला वाफारा देतात तशी. माझ्या पदराला वाफ धरली, चष्मेवाल्या कारकुनाच्या चष्म्याला धरली, हिला धरेना. नंतर मीच तिच्या डोळ्यात हा-हा करून श्वास सोडत बसले. दोन मिनिटांत परत लख्ख. किती चांगली बनवलीय हो ही, कोणी बनवली कोण जाणे, माझ्याच मुळावर उठली.

बसा जरा. नाही, बसाच. मी सांगते, पण कागद बाजूला ठेवा आधी.

इथे फोन आणता येत नाही. ऑफिसच्या खणात जमा करायचा, गोळीबार चालू असेपर्यंत मिळत नाही. नियम चांगला आहे, मी काही म्हणत नाही. पण आठ महिन्यांची पोर घरी, तिच्याजवळ सासूबाई, नवरा चार-चार दिवस मालाच्या गाडीवर, आणि मी अशी — मी कशी, काय सांगू — पोर झोपली की श्वास चालू आहे का बघते, चालू असला की जास्तच चालू आहे का म्हणून परत बघते. शिंकली की ताप, शिंकली नाही की का शिंकली नाही. डॉक्टरीणबाई मला दारात बघितलं की आधी मलाच खुर्ची देतात. तर मी एक युक्ती काढली. ती बघा, डावीकडे भिंतीपलीकडे पिवळी इमारत, तिसरा मजला, कोपऱ्याची गॅलरी. ती आमची. सासूबाईंना सांगितलं, सगळं ठीक असलं की दोरीवर पांढरं फडकं टाकायचं, काही झालं तर लाल. आणि मी इथून, दोन गोळ्यांच्या मधे, दुर्बीण अशी वळवायची — पांढरं — परत आणायची. तीन सेकंद. कोणाच्या लक्षात नाही आलं कधी. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटायचा, दादा, वाटायचं, शिकले असते तर काय काय केलं असतं.

बारा दिवसांपूर्वी निवड होती. मोठ्या स्पर्धेला कोण जायचं त्याची. दहा गोळ्यांची फेरी. एक पोरगी आहे इथे, आम्ही तिला वेणीवाली म्हणतो, एवढी लांब वेणी की झोपून नेम धरताना ती आधी वेणी बाजूला ठेवते, सामान ठेवल्यासारखी. ती दुसऱ्या कोणाला विचारत नाही. सरांनाही नाही. म्हणते, ताई सांगतील ते. सात गोळ्या मारल्या तिने, सातही काळ्यात, एका मुठीत मावतील अशा. आठवीच्या आधी मी दुर्बीण वळवली.

लाल.

मोठं, दोरीभर लाल. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. म्हणजे गोळीचा आवाज आला असणार, तो काय लहान असतो? मी गॅलरीत दार उघडं आहे का बघत होते, सासूबाई कुठे दिसतात का बघत होते. आणि खालून आवाज आला, ताई? मग परत एकदा, ताई? मी दुर्बीण फिरवली कागदावर. नवीन भोक दिसेना. सात होती, सातच दिसत होती. आता मला सांगा, माणसाने काय म्हणावं? माणसाने म्हणावं, थांब, मी बघितलं नाही. चार शब्द. मी म्हटलं, खाली गेली वाटतं.

वाटतं, म्हटलं. तिने ते वाटतं ऐकलं नाही, खाली ऐकलं. खटका फिरवला आणि नववी मारली. ती गेली वर, पांढऱ्यात, स्वच्छ दिसली — आणि तेव्हा मला कळलं. तिथेच, त्या क्षणी. आठवी खाली गेलीच नव्हती, आधीच्या भोकात भोक पडलं होतं, म्हणून दिसत नव्हतं. तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. सांगितलं, वर, चार बोटं. ती माझ्याकडे वळून बघायला लागली. खाली म्हणालात ना? असंच बघणं होतं ते. आणि मग दहावी कुठल्या कुठे. कागद आणला तर आठ गोळ्या एका मुठीत आणि दोन रानात. सगळे म्हणाले, पोरगी शेवटी घाबरली. तीही तेच म्हणाली. म्हणाली, ताई, माझंच काहीतरी झालं. बंदूक कपाटात ठेवली आणि गेली, ती आजतागायत आलेली नाही.

आणि लाल? सासूबाईंनी चादर धुतली होती. ऊन चांगलं होतं म्हणे. मी धावत गेले तर पोर मांडीवर बसून चमचा चघळत होती. मी इतकी रडले की तीही रडली. मग सासूबाई म्हणाल्या, आता टाकू का लाल?

तर ही वाफ कुठून आली ते कळलं ना तुम्हाला. त्याच संध्याकाळी सर विचारत होते, नववीच्या आधी पोरीने खटका का फिरवला असेल, आणि माझ्या तोंडातून निघालं, दुर्बिणीत धुरकट दिसत होतं सर, वाफ धरलीय. सरांचा चेहरा असा उजळला. ते जाऊन समितीशी भांडले तिच्यासाठी. समितीने कबूल केलंय — चूक पोरीची नव्हती असं कागदावर आलं तर शेवटच्या दोन गोळ्या तिला परत मारू देऊ. म्हणून तुम्हाला बोलावलं. मला वाटलं, झालं, सगळ्यांचं भलं, पोरीला गोळ्या, सरांना समाधान, इथे नवी दुर्बीण, आणि मी आपली स्टुलावर होते तिथे. नुसतं एका काचेच्या वस्तूने थोडंसं बिघडायचं होतं. तेवढंही तिला जमलं नाही.

आज चार वाजता समितीवाले बसतात. आत, त्या हिरव्या दाराच्या खोलीत.

तुम्ही आता लिहिणार, दोष नाही. लिहायलाच हवं, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही — म्हणजे मघाशी म्हणत होते, आडून आडून म्हणत होते, तुम्हाला कळलंच असेल. पण दोष नाही एवढंच लिहून तुम्ही गेलात तर काय होईल? समिती म्हणेल, दुर्बीण चांगली, म्हणजे पोरगीच घाबरली. ती बंदूक कपाटातच राहील. तिला आयुष्यभर वाटत राहील की शेवटच्या घटकेला तिचं काहीतरी होतं. आणि मी रोज सकाळी त्या कपाटासमोरून जाणार, पोटाशी डबा धरून. बारा दिवस जातेय. डबा उघडवत नाही मला दुपारी.

खोली जाईल, हो. नवऱ्याला काय सांगायचं? त्याला मी अजून चादरीचंही सांगितलेलं नाही.

द्या इकडे तो कागद. ही शेऱ्याची जागा आहे ना मोकळी? तुम्ही वर तुमचं लिहा, सही करा, खाली मी माझ्या हाताने लिहिते. नको, तुम्ही सांगू नका कसं लिहायचं, तुमचं फार साहेबी होईल. आठव्या गोळीच्या वेळी मी गॅलरीकडे बघत होते. न बघता खाली सांगितलं. पोरीने माझं ऐकलं. — झालं. तीन ओळी. इतका वेळ तुमच्यापुढे बडबडतेय आणि तीन ओळींचं निघालं.

सही वाचता येते ना? ठीक आहे. हो, तुमच्या त्या तिन्ही घेऊन जा. ती हलक्या स्टँडची तर आधी न्या.

नाही, कागद मीच नेते आत. तुम्ही नका येऊ, आणि असे दारात उभेही राहू नका, तुमचं काम झालं, गाडी काढा. कोणी पाठून बघत असलं की मला सरळ चालता येत नाही.