गाईचं कॅल्शियम

जुन्नरच्या दवाखान्यात ताटकळलेल्या मोहिनीचे कान शेजारच्या काका-पुतणीकडे लागले होते.

"रिपोर्टात कॅल्शियम कमी आलं, म्हून गाईला पाजायची कॅल्शियमची बाटली प्यालो. तरी पोट लई दुखतंय."

"काका, ते रक्तातलं. तुमच्या सुजलेल्या स्वादुपिंडाच्या पेशीत उलट वाढलेलं असतं."

"तिथं त्याचं काय काम?"

"जेवलं की ते पेशीतल्या साठ्यातून सुटतं, म्हणून पाचक रस बाहेर पडतो. मग ते परत साठ्यात जातं."

"पान्हा सुटला की वासरू परत खुंट्याला बांधतो, तसं?"

"तसंच. दारूनं ते मोकळंच राहतं. मग रस आतल्या आत पेशीच पचवतो."

"बरं. गाईचं कॅल्शियम बंद करतो."

"आणि दारू?"

"तू पुतणी हायेस का डाक्टर?"

"बाबा दारूनंच गेले तेव्हा नुसती मुलगीच होते, काका."