बाईंच्या खोलीबद्दल उपकारस्तुती

(मिशनच्या दवाखान्यातली सकाळची प्रार्थना. मोठं दार अजून बंद आहे. औषधांच्या खिडकीजवळच्या बाकावर पाळक, निवृत्त नर्सबाई आणि स्वयंपाकाच्या काकू बसले आहेत. तिघांचेही डोळे मिटलेले.)

पाळक : ...आणि हे स्वर्गीय पित्या, वॉर्डावरच्या नव्या पत्र्यांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. कोरड्या खाटांबद्दल आभार मानतो. आणि उद्या जे पाहुणे एवढ्या लांबून येत आहेत, ज्यांच्या मनात तू आमच्या या लहानशा कार्याविषयी कळकळ घातलीस, त्यांच्याबद्दल तर प्रभू, किती आभार मानावेत.

काकू : आमेन.

पाळक : अजून संपली नाही, काकू.

काकू : बरं, बरं. रुग्णांचं दूध गॅसवर ठेवून आलेय, म्हणून म्हटलं.

पाळक : आणि पित्या, आज विशेषकरून तुझ्या वृद्ध दासीबद्दल, आमच्या लाडक्या बाईंबद्दल, आम्ही तुझी उपकारस्तुती करतो. सगळं आयुष्य तिनं या वॉर्डात वेचलं. नोकरी संपली तरी सेवा संपली नाही. आणि आता, प्रभू, वॉर्डाला लागून असलेली आपली राहती खोली तिनं किती आनंदानं, किती उदार मनानं नव्या प्रार्थनाकक्षासाठी सोडून दिली, याबद्दल...

बाई : काय सोडून दिली?

पाळक : ...याबद्दल आम्ही तुझे मनःपूर्वक आभार मानतो. आणि प्रार्थना चालू असताना आमची मनं इकडेतिकडे भटकू नयेत म्हणून आम्हांला साहाय्य कर. हे सर्व येशूच्या नावाने मागतो, आमेन.

काकू : आमेन. चला.

बाई : बस खाली, काकू. डोळे उघडू नकोस. पाळकसाहेब, तुम्हीही उघडू नका. मला प्रार्थना करायची आहे.

पाळक : बाई, दार उघडायची वेळ झालीय. बाहेर माणसं खोकतायत.

बाई : हे प्रेमळ बापा...

काकू : सुरू झाली. आता बसा गप, साहेब. प्रार्थना मधेच तोडायची नाही, हा नियम तुमचाच. मागे मी एकदा दूध उतू जातंय म्हणून उठले, तर रविवारचा सगळा संदेश माझ्यावर. नाव नव्हतं घेतलं, पण भांड्याचं वर्णन बरोबर होतं.

बाई : हे प्रेमळ बापा, मी तुझे आभार मानते की काल संध्याकाळपर्यंत ती खोली माझी होती आणि आज सकाळी मी ती आनंदानं देऊन टाकली. कधी दिली, ते काही मला आठवत नाही. वय झालं. तुझ्या लक्षात असेल तर मला सांग. पाळकसाहेब कालच माझ्याकडे येऊन गेले, बापा. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चहा प्यायले, पुन्हा अर्धा कप मागून घेतला. सारखे खिडकीकडे बघत होते. म्हणाले, बाई, तुमच्या खोलीत उजेड काय सुरेख येतो हो. मी आपली भोळी. मला वाटलं, उजेडाचं कौतुक करतायत.

काकू : आमेन.

पाळक : काकू, तिथे आमेन नसतं.

काकू : मनापासून आलं, त्याला मी काय करू?

पाळक : प्रभू, मीही नम्रपणे तुझ्यापुढे येतो. तू अंतःकरणं जाणतोस. या खोलीच्या बाबतीत तुझ्या सेवकाचा काडीचाही स्वार्थ नाही. मुख्य कचेरीचा आग्रह आहे. पाहुण्यांच्या मंडळानं प्रार्थनाकक्षासाठीच देणगी दिली आहे आणि ती दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. एक शांत जागा हवी, जिथे मनुष्य एकांतात तुझ्याशी बोलू शकेल. गालिचा येतो आहे, प्रभू. मंद दिवे येत आहेत. भिंतीला फिकट निळा रंग...

बाई : बापा, साहेबांचं चालू असताना मी मधेच बोलतेय, क्षमा कर. पण त्या खोलीत मी इतकी वर्षं रोज गुडघे टेकत आले. गुडघे गेले, तेव्हा खाटेवर बसून बोलत राहिले. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या बायका माझ्याकडे येऊन बसायच्या, त्यांच्यासाठीही तुला तिथूनच हाक मारली. फरशी गार होती आणि दिवा नुसता एक, उघडा. गालिच्यावाचून तुला ऐकू येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच बडबडत होते म्हणायची.

पाळक : बाई, असं कुणी म्हटलेलं नाही.

बाई : मी तुमच्याशी बोलत नाहीये, साहेब. प्रार्थना करतेय.

पाळक : प्रभू, तुझ्या दासीचं मन दुखावलं असेल तर तिला शांती दे. तिला आठवण दे की या जगात आपण सगळे चार दिवसांचे पाहुणे आहोत.

काकू : आणि जे पाहुणे आहेत त्यांना खोली.

पाळक : काकू.

काकू : आमेन म्हणायला बंदी आहे, तर काहीतरी म्हणायला नको?

पाळक : आणि पित्या, तू तिच्यासाठी आधीच जागा तयार ठेवली आहेस याबद्दलही आभार. तिच्या पुतण्याचं भरलं घर आहे. माणसांत राहील. सकाळी उठून वॉर्डाच्या चादरी मोजायला नकोत, कुणाच्या सलाईनकडे बघायला नको. तिला विश्रांती मिळेल.

बाई : बापा, माझ्या पुतण्याच्या बायकोला आशीर्वाद दे. मागच्या खेपेला मी दारात चप्पल काढतेय तोवर तिनं विचारलं, परतीचं तिकीट काढूनच आलात ना? मला तेव्हा लागलं होतं ते. आता कळतंय, गुणाची पोरगी आहे. जे पोटात ते ओठात. तुझं नाव घेऊन मला कधी घराबाहेर काढलं नाही तिनं. आणि चादरींचं म्हणशील, तर बापा, भिंतीपलीकडून कुणी थाप मारली की मला ऐकू येतं. ड्यूटीवरच्या पोरी दमून डुलक्या घेतात, त्यांना मी बोल लावत नाही. पण ती थाप पुतण्याच्या घरी मला ऐकू येणार नाही. निळ्या रंगाच्या भिंतीला ऐकू येत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

पाळक : आमेन.

बाई : आं?

पाळक : म्हणजे... आता उघडू या का दार?

काकू : थांबा, थांबा. माझी राहिली.

पाळक : तुम्ही कधी करत नाही, काकू.

काकू : आज करते. देवा, मला या दोघांसारखं येत नाही, सांभाळून घे. उद्या पाहुण्यांसमोर बाईंसाठी उपकारस्तुतीची सभा आहे. मला कालच सांगितलंय, केक कर म्हणून. बाईंना माहीत नाही, पण केकला माहीत आहे. आणि सभेत बाईंना एक घड्याळ द्यायचंय. भिंतीवरचं. देवा, आता तूच सांग, भिंत काढून घ्यायची आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?

बाई : घड्याळ?

काकू : गोल आहे, चांगलं आहे. पण पुढचं ऐक, देवा. मी चहा घेऊन कचेरीच्या दारात उभी, आणि साहेब पाहुण्यांशी फोनवर बोलतायत. काय म्हणावं? म्हणतात, आम्ही बाईंना नुसतं विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. आता मी खिडकीतून बघतेय, तर बाई अंगणात चादरी धुतायत. डोळ्यात साबण गेला होता त्यांच्या. त्या दुसऱ्या हातानं डोळा चोळत होत्या, ते मी बघितलं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, देवा. आमेन. माझी झाली.

पाळक : काकू, फोन चालू असताना कान देणं बरं नाही.

काकू : कान दिला नाही, साहेब. तुम्ही मोठ्यानं बोलत होता. परदेशात ऐकू जायला हवं म्हणून.

बाई : म्हणजे पाहुण्यांना मी हो म्हटल्याचं माझ्याआधी कळलं.

पाळक : बाई, प्रार्थनेत राहू या.

बाई : आमेन. झाली प्रार्थना. बाब्या, डोळे उघड.

पाळक : दवाखान्यात मला पाळकसाहेब म्हणायचं ठरलं होतं आपलं.

बाई : डोळे उघडे असलेल्या माणसाला म्हणते मी साहेब. उघड.

काकू : उघडले. एकच उघडला आधी, मग दुसरा.

बाई : लहानपणी तू मिशनच्या वसतिगृहात होतास तेव्हाही असाच. काचेची बरणी फोडलीस आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत हात जोडून म्हणालास, प्रभू, ज्या कुणाच्या हातून बरणी फुटली असेल त्याला क्षमा कर. सगळ्या पोरांना तुझं केवढं कौतुक. पुढे हा पाळक होणार, म्हणाले. झालास.

पाळक : मी लहान होतो, बाई.

बाई : तेव्हा बरणी होती. आता मी आहे.

पाळक : मी सांगायलाच आलो होतो काल. खरंच. दारात आलो तोच तुम्ही म्हणालात, आलास, बस, दमलेला दिसतोस. चहा ठेवलात. परवाही आलो होतो, तेव्हा तुम्ही कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन बसला होता. कसं सांगायचं माणसानं?

बाई : पाहुण्यांनी माझी खोली मागितली?

पाळक : त्यांनी प्रार्थनाकक्ष मागितला.

बाई : मी विचारतेय, माझी खोली मागितली का?

पाळक : नाही. कुठे करायचा, ते आमच्यावर सोडलं होतं.

बाई : मग माझी कुणी सुचवली?

पाळक : ... उजेड छान येतो तिथे.

काकू : साहेबांच्या कचेरीला दोन खिडक्या आहेत. पण तिथे एसी आहे, तो एकांताला चालत नसेल.

पाळक : काकू, दूध बघा तुम्ही.

काकू : ते केव्हाच उतू गेलं. आता बसते.

पाळक : बाई, तुम्हांला कळत नाही असं नाही. उद्या ते लोक येणार. मी त्यांना सांगून बसलोय. आता तुम्ही नाही म्हणालात, तर मी खोटा पडतो. त्यांचा विश्वास उडाला तर नव्या पत्र्यांपासून सगळंच अडेल. मी माझ्यासाठी नाही बोलत.

बाई : मग कुणासाठी बोलतोस?

पाळक : कार्यासाठी.

बाई : बरं. कार्यासाठी तर कार्यासाठी. हे बघ, मी भांडायला बसले नाही. माझं सामान ते काय, एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि गादी तर दवाखान्याचीच. मी तुझ्याकडून एकच गोष्ट मागते. माझ्याकडे बघ आणि सरळ म्हण : बाई, मला तुमची खोली हवी आहे, तुम्ही इथून जा. देवाला मधे घ्यायचं नाही. मुख्य कचेरी नाही, पाहुणे नाहीत, कार्य नाही. तू म्हणायचं आणि मी ऐकायचं. एवढं म्हण, की संध्याकाळी खोली रिकामी. उद्या त्या लोकांसमोर उभी राहून हवी तशी साक्ष देते. आनंदाश्रूसुद्धा काढते, त्याला काही साबण लागणार नाही.

पाळक : बाई, असं काय बोलता.

बाई : लागणार नाही रे. माझं घर आहे ते.

काकू : म्हणा, साहेब. छोटंसं वाक्य आहे. तुमचे संदेश केवढाले असतात.

पाळक : आत्ता?

बाई : आत्ता. बाहेर रुग्ण ताटकळलेत.

पाळक : बाई...

बाई : हां.

पाळक : बाई, मला तुमची...

काकू : छताकडे काय बघताय? बाई इकडे आहेत.

पाळक : मला... तुमची...

बाई : घाई नाही. पाणी हवं का?

पाळक : बाई, आपण आधी थोडा वेळ डोळे मिटू या का?

बाई : मिट तू. मी आहे इथेच.