रिकामा शब्द

—नाही नाही, बसा हो, एवढ्यात होईल तिचं. पलीकडच्या खोलीत पीएचडीच्या प्रबंधावर उद्या तोंडी परीक्षा, तिची तालीम करतेय, ऐकू येतंय ना? तुम्ही थोरले भाऊ तिचे, म्हणून सांगतो, नाहीतर मी तरी कुणापुढे बोलणार? विषय काय तिचा? सोपा आहे—म्हणजे ऐकायला. शब्दांची समीकरणं. हे बघा, फळ्यावर लिहितो—कख आणि पुढे क्ष, बरोबर क्ष आणि पुढे खक. आकडे नाहीत, नुसती अक्षरं. क्षच्या जागी काय घातलं की दोन्ही बाजू सारख्या होतील? क घाला—कखक, कखक. जमलं! हसलात? मीही असाच हसलो होतो, आणि त्यातच केस पिकले. तर तुमच्या बहिणीनं काय केलं—एकेका अक्षराच्या जागी एकेक शब्द ठेवायचा, ते अक्षर जिथे जिथे, तिथे तिथे तोच शब्द. असं केलं की ओळ वाढतच जाते, एका लांबीपुढे बघायलाच नको, आणि म्हणून उत्तराचा शोध कुठेतरी संपतो, असं तिनं सिद्ध केलं. सुरेख! मला जन्मात सुचलं नसतं.

पण अक्षराच्या जागी काहीच ठेवलं नाही तर? चालतं ना! आमच्यात रिकामा शब्द हाही शब्दच. मग ओळ वाढेल कशी—उलट आखडते, आणि सगळी सिद्धता खाली बसते. तिच्या नजरेतून सुटलं. माझ्याही—मार्गदर्शक म्हणून सही केलीय मी, वाचून! दुरुस्ती? नाही हो होत. सगळीकडून धडका मारल्या, आठवडाभर दुसरं काही केलं नाही—हो... आठवडा झाला. मग बोललो का नाही? कसं बोलू? आईला बोलावून घेतलंय तिनं, नोकरी ठरत आलीय, रोज दारातून डोकावून म्हणते, 'सर, तुमच्यामुळे झालं'—आणि मी 'छान, छान' म्हणतो. उद्या परीक्षक विचारणारच, सगळ्यांदेखत. तुम्ही सांगता का तिला? घरच्या माणसानं सांगितलं म्हणजे—नाही, तुम्ही काय सांगणार, मीच सांगायला हवं. कळतं हो मला. असं बघू नका माझ्याकडे, मी आत्ता, आत्ताच तिला—

अगं, ये ना, ये. काही नाही, तुझ्या दादाला सांगत होतो, काम किती नेटकं झालंय ते... न्या हो हिला घरी. काय बघताय? न्या.