आबांचा आवाज कुठे ठेवायचा

हॅलो?… हो, नम्रताच. वहिनीचा आवाजही विसरलात काय, भावोजी?… नाही, कामात कसली! आबांचं गाणं रेकॉर्ड करत होते. तुमचा फोन आला न् रेकॉर्डिंग पडलं बंद. बाकी काही नाही. बोला.

क्लाऊडचं?… ठरलं?… नाही ठरलं. मग फोन कशाला केलात?… अच्छा, तीन कंपन्या उरल्या! वा! गावच्या मुंबई मंडळाने दोन महिने मीटिंगा घेतल्या त्या काय उगाच?

हो… हो… पहिलीत पंधरा जीबी फुकट. मग घ्या की तीच!… भरली? कशाने?… मंडळातल्या आत्मारामकाकांच्या गुड मॉर्निंगने. बरोबर आहे. आधी गुलाबाची फुलं, मग आबांची गाणी.

दुसरी?… दोन टीबी! अहो, शिमग्याची चार गाणी ठेवायचीत, कोयनेचं पाणी नाही साठवायचं.

तिसरी… कुलूप असं की कंपनीलाही उघडत नाही. आणि आपण पासवर्ड विसरलो तर?… तर आपल्यालाही नाही. छान! मंडळाच्या कपाटाची चावी सध्या कोणाकडे आहे हो?… शोधताय. हां, शोधा.

अहो, ऐका ना… ऐका तर! शुक्रवारी आबांच्या घशाचं ऑपरेशन. खेडचे डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, पण आवाज राहीलच असं नाही… माहितीये? मला वाटलं, मीटिंगमध्ये हा विषय आलाच नसेल. ती जुनी गाणी गावात आता दुसऱ्या कोणाला येत नाहीत, भावोजी. तुम्हालापण नाही. बाप तुमचा आहे, म्हणून आपली आठवण केली.

पाठवून देऊ? कुठे पाठवू? घरात बोलण्यापुरती रेंज. व्हिडीओ चढवायला फोन घेऊन वर सड्यावर, उघड्या माळावर जायचं, भर उन्हात. जाईन हो, मी जाईन. पण तीनपैकी कुठल्या क्लाऊडवर?… रविवारी परत मीटिंग. म्हणजे ऑपरेशन झाल्यावर. उत्तम.

बरं, मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक गाणं टाकलं होतं… अंगठा दिलात, तो दिसला. ऐकलंत का?… हेडफोन बिघडलेत. असू दे.

काय ओ आबा?… तुमचा दीपक. मुंबईहून… काय?… विचारते.

भावोजी, आबा म्हणतायत, त्याला म्हणावं एक तरी ओळ शीक. आत्ता, फोनवर. ते म्हणणार, तुम्ही मागनं म्हणायचं… अहो, चेष्टा नाही! उशी सरकवून उठून बसलेत. किती दिवसांनी स्वतःहून बसलेत ते… ऑफिसात आहात, तर जिन्यात जा. लाज कसली? एक ओळ. थांबा, स्पीकरवर टाकते.

म्हणा आबा…

ऐकलंत? आता तुम्ही… भावोजी?… म्हणा की. चुकलं तर चुकलं… हळू म्हणा हवं तर…

हॅलो?… हॅलो?

ठेवलान!

…नाही ओ आबा, ठेवतील कशाला? रेंज गेली. जाते हो, मुंबईतपण जाते. मोठ्या इमारती ना तिथे… करतील, परत करतील फोन. तुम्ही घोटभर पाणी प्या न् म्हणा परत. मी म्हणते मागनं.